शब्दचर्चा: 'डिफरन्शियल एक्स्ट्रॅक्शन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न:
लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतील डीएनए तपासणीवर वकील आणि परिचारिकांसाठी एक मराठी पुस्तिका लिहिते आहे. स्त्रीच्या शरीरावरून घेतलेल्या स्वॅबमध्ये तिच्या स्वतःच्या पेशी आणि पुरुषाचे शुक्राणू एकत्र येतात. दोघांचा डीएनए वेगवेगळा हाती यावा म्हणून 'डिफरन्शियल एक्स्ट्रॅक्शन' करतात. माझ्याकडच्या एका मसुद्यात 'भिन्नता निष्कर्षण' आहे, दुसऱ्यात 'पेशी विलगीकरण'. दोन्ही खटकतात. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद:
'विलगीकरण' नकोच. २०२० नंतर तो शब्द रुग्णाच्या खोलीला चिकटला आहे. शिवाय इथे तांदळातून खडे वेचावेत तशा पेशी वेचत नाहीत, एका प्रकारच्या पेशी आधी फोडतात आणि दुसऱ्या नंतर.

'निष्कर्षण' चूक नाही, पण ज्या अहवालाच्या शेवटी 'निष्कर्ष' असा मथळा असतो त्यातच 'निष्कर्षण' आले की वाचणारा अडखळतो. वकिलांसाठी 'डीएनए काढणे' एवढे पुरते.

प्रतिसाद:
मी 'विभेदक' हा शब्द सुचवेन, आणि त्यामागे कारण आहे. 'भिद्' या धातूचा मूळ अर्थ फोडणे. 'भिन्न' म्हणजे मुळात फुटलेले, 'अभेद्य' म्हणजे फोडता न येणारे. वेगळेपणा हा अर्थ त्यातूनच आला. या पद्धतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात.

स्वॅबवरचा ऐवज आधी साबणासारखे काम करणारे एसडीएस आणि प्रथिने पचवणारे प्रोटिनेज के यांत ठेवतात. स्त्रीच्या आवरण-पेशी त्याने फुटतात आणि त्यांचा डीएनए द्रवात उतरतो. शुक्राणूचे डोके मात्र टिकते, कारण आतला डीएनए ज्या प्रथिनांनी घट्ट बांधलेला असतो ती गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधांनी एकमेकांना जखडलेली असतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की शुक्राणू तळाशी बसतात. वरचा द्रव काढून घेतात, तळ पुनःपुन्हा धुतात आणि मग डीटीटी हे रसायन घालतात. ते गंधकाचे बंध तोडते, आणि इतका वेळ अभेद्य असलेले फुटते. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर गिल, अ‍ॅलेक जेफ्रीज आणि डेव्हिड वेरेट यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ही वाट दाखवली.

आपल्याकडे या तळासाठी छान शब्द आहे: साका. वरच्या द्रवाला निवळ म्हणा. पावसाळ्यात गढूळ पाणी घागरीत ठेवून निवळू देणाऱ्या कुणालाही तो समजेल.

प्रतिसाद:
एक काळजी घ्या. दोन भागांना 'स्त्री अंश' आणि 'पुरुष अंश' म्हणू नका. प्रयोगशाळेत बोलताना ते चालून जाते, कोर्टात नाही. पहिल्या भागात पुरुषाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींचा डीएनएही असू शकतो. शुक्राणू जुने, कमकुवत झालेले असतील तर काही पहिल्याच टप्प्यात फुटतात. उलट साका नीट धुतला गेला नाही तर स्त्रीचा डीएनए त्यात राहतो. 'स्त्री अंशात पुरुष कसा?' या उलटतपासणीतल्या प्रश्नाला जागाच राहू नये. 'शुक्राणू अंश' आणि 'शुक्राणूंखेरीज अंश' लिहा. बोजड आहे, पण खरे आहे.

नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नसतात. मग ही पद्धत उपयोगी पडत नाही, वाय गुणसूत्रावरच्या खुणा पाहाव्या लागतात. म्हणून 'शुक्राणू आढळले नाहीत' याचे मराठी 'संबंध आला नाही' असे कधीही होऊ देऊ नका. तुमच्या पुस्तिकेतले हे एक वाक्य एखाद्या बाईच्या वाट्याला येणारा न्याय ठरवू शकते.

आणि 'मिश्र नमुना' लिहा, 'भेसळ' नको. भेसळ म्हटले की कुणीतरी मुद्दाम गडबड केली असे वाटते. इथे दोघांच्या पेशी एकत्र सापडणे हाच पुराव्याचा गाभा आहे.

प्रश्नकर्ती:
आभार. 'विभेदक पद्धत' शीर्षकात घेते आणि पहिल्या उल्लेखाबरोबर इंग्रजी नावही देवनागरीत ठेवते, कारण परिचारिकांच्या कानावर तेच पडते. साका घेतलाच. 'फॉरेन्सिक'साठी 'न्यायवैद्यक' लिहिले होते, ते 'न्यायसहायक' करते. राज्याच्या संचालनालयाच्या नावात तोच शब्द आहे, आणि न्यायवैद्यक हे डॉक्टरांच्या तपासणीपुरतेच राहिलेले बरे. आता फक्त 'शुक्रजंतू' उरला. जुन्या मसुद्यात तो सतरा ठिकाणी आहे. जंतू म्हटले की रोग आठवतो, म्हणून सगळीकडे 'शुक्राणू' करू ना?

प्रतिसाद:
सगळीकडे.