मदत हवी आहे : जबड्याच्या ऑपरेशननंतर भावाला दिसत नाही

थोरला_१७ :
कोणाला अनुभव असेल तर लगेच लिहा. धाकट्या भावाचं जबड्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याने दिसत नाही म्हणतोय. वॉर्डमध्ये विचारलं तर "सूज आहे, उतरेल" एवढंच उत्तर मिळतं. जबड्याचा आणि डोळ्याचा संबंध काय? किती दिवसांत नीट होतं? माहीत असेल त्यांनीच लिहा, माझ्याकडे वेळ नाही.

अबोली :
कोणता जबडा, वरचा, खालचा की दोन्ही? ऑपरेशन कधी झालं? एक डोळा की दोन्ही? अंधुक दिसतंय की काहीच नाही? एवढं तरी सांगा.

थोरला_१७ :
चावा नीट बसत नव्हता, दात पुढे होते, म्हणून केलं. २ वर्षं तारा लावल्या होत्या. बाकी तब्येत उत्तम आहे, बीपी, शुगर काही नाही.

पाऊलवाट :
घाबरू नका. माझाही खालचा जबडा मागे घेतला होता. चेहरा एवढा सुजला की आरशात स्वतःला ओळखलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, मग उतरते. खालचा ओठ मात्र माझा ८ महिने बधिर होता. पाणी पिताना ओघळलेलं कळायचंच नाही. त्यासाठी काय काय केलं ते सविस्तर लिहू का?

अबोली :
पाऊलवाट, ओठाचं नंतर. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाची नस जाते, तिचा डोळ्याशी संबंध नाही. थोरला_१७, मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही.

थोरला_१७ :
माफ करा, सकाळपासून डोकं चालत नाहीये. दोन्ही जबडे केले, परवा सकाळी. डावा डोळा. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की दोन्ही डोळे बंदच होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही. जबडे रबरांनी बांधलेत, बोलता येत नाही. आज पापणी थोडी उघडली तेव्हा त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवलं : "डावीकडून कोणी उभं आहे एवढं कळतं. चेहरा नाही. सगळं राखाडी." मी सिस्टरना दाखवलं, त्या म्हणाल्या डोळ्यात मलम घातलंय म्हणून असेल.

चष्मेबहाद्दर :
माझा नंबर मायनस ६ होता. लेझर केल्यापासून लख्ख दिसतं. सूज उतरली की तपासून घ्या, लेझरचा विचार करायला हरकत नाही.

भूलवाली :
मी भूल देणारी डॉक्टर आहे. अशा ऑपरेशनांना अनेकदा भूल दिली आहे. वरचा जबडा केला असेल तर उद्याच्या राउंडची वाट पाहू नका. आत्ता, याच क्षणी, नेत्रतज्ज्ञांना बोलवायला सांगा.

संबंध विचारलात म्हणून सांगते. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वरून आडवा कापून मोकळा करतात, त्याला ले फोर्ट-१ म्हणतात. मागच्या टोकाला तो टेरिगॉइड नावाच्या हाडाच्या पातळ पाकळ्यांना चिकटलेला असतो. तिथे वाकडी छिन्नी बसवून हातोडीने ठोकून सोडवतात आणि मग सगळा जबडा खाली ओढतात. चीर बहुतेक वेळा हवी तिथेच पडते. फार क्वचित ती वर कवटीच्या तळाकडे, स्फेनॉइड हाडात सरकते. डोळ्याची नस मेंदूकडे जाताना ज्या अरुंद बोगद्यातून जाते, तो याच हाडात असतो. तिथे नसेला हलायला जागाच नाही. हाड टोचलं नाही तरी नुसत्या धक्क्याने किंवा सुजेने ती चेपते. दुसरं कारण म्हणजे डोळ्यामागे रक्त साठणं. तिसरं, रक्त कमी जावं म्हणून आम्ही बीपी मुद्दाम खाली ठेवतो, त्यात नसेचा रक्तपुरवठा कमी पडणं. अशी नोंदलेली उदाहरणं जगभरात मोजकीच आहेत, पण आहेत.

डोळा पुढे आलाय का? खूप दुखतोय का? पापणी ताणून घट्ट झालीये का? मागे रक्त साठलं असेल तर दाब तासा-दीड तासात सोडवावा लागतो, जागेवरच पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद घेऊन. तुम्ही स्वतः डोळा दाबून बघू नका.

थोरला_१७ :
पुढे आलेला वाटत नाही. दुखत नाही म्हणतोय. मग हे बरं की वाईट?

मोकळंढाकळं :
कानामागे मळमळीची पट्टी लावलीये का? ते औषध बोटाला लागून डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसतं. आमच्याकडे एकदा पळापळ झाली होती, शेवटी पट्टीच निघाली.

थोरला_१७ :
पट्टी नाही.

भूलवाली :
पट्टीने जवळचं वाचताना धूसर होतं, चेहरा दिसायचा राहत नाही. दुखत नाही, डोळा पुढे नाही, म्हणजे रक्त साठलेलं असण्याची शक्यता कमी. पण नसेला मार बसला तर तेही दुखत नाही आणि बाहेरून डोळा नॉर्मलच दिसतो. आतला पडदासुद्धा सुरुवातीला नॉर्मल दिसतो, त्यावरची चकती, म्हणजे नसेचं दिसणारं टोक, फिकी पडायला काही आठवडे लागतात. म्हणून बाहुली तपासणं महत्त्वाचं. टॉर्च दोन-तीन सेकंद उजव्या डोळ्यावर, मग डाव्यावर. डाव्यावर आणताच बाहुली आकसण्याऐवजी फाकली तर नस नीट काम करत नाहीये. याला आरएपीडी म्हणतात. मलमाने किंवा सुजेने हे होत नाही. पेशंटला बोलता येत नसलं तरी ही तपासणी होते.

अबोली :
आणि लाल रंगाचं काही असेल तर जवळ धरून एकेका डोळ्याला दाखवा. नसेचा प्रश्न असेल तर लाल आधी फिका पडतो.

घारापुरुष :
एवढी चर्चा कशाला? स्टिरॉइडचा मोठा डोस ताबडतोब सुरू करायला सांगा. माझ्या मावसभावाला अपघातानंतर दिला होता, आठवड्यात दिसायला लागलं. तुम्ही अडून बसा, द्यावाच लागतो.

भूलवाली :
असं अडून बसू नका. नसेला मार बसलेल्या रुग्णांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९९ मध्ये आला. स्टिरॉइड किंवा ऑपरेशनचा स्पष्ट फायदा त्यात दिसला नाही, काही न दिलेल्यांनाही सुधारणा झाली. पुढे २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवरच्या 'क्रॅश' नावाच्या औषध-चाचणीत स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले.

घारापुरुष :
ते डोकं फुटलेल्या लोकांचं. याचं डोकं फुटलेलं नाही. आणि १९९९ च्या अभ्यासात काही न दिलेले रुग्ण किती होते तेही सांगा की, अगदी थोडे होते.

भूलवाली :
हो, थोडेच होते, ते मान्य. म्हणूनच द्या किंवा देऊ नका हे इथून कोणी ठरवू नये. बारीक कापांचा सीटी स्कॅन आधी होऊ दे. हाडाचा तुकडा नसेवर बसलेला दिसला तर विचार वेगळा, नुसती चीर असेल तर वेगळा.

सायलीची_आई :
माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. हे वाचून हातपाय गळाले. रद्द करू का?

पाऊलवाट :
ताई, रद्द कशाला? हजारो लोकांचं व्यवस्थित होतं, माझं झालंच की.

अबोली :
ताई, नवा धागा काढा, तिथे सगळे लिहू. सर्जनना एवढं मात्र विचारून ठेवा, ऑपरेशननंतर पापण्या उचलून बाहुल्या किती वेळाने तपासता, आणि रात्री कोण तपासतं. इथे या मुलाचे जवळजवळ दोन दिवस बंद पापण्यांमागे गेले.

थोरला_१७ :
टॉर्च मी मारला नाही, धीर झाला नाही. त्याची केसफाइल लाल आहे, ती धरली. उजव्या डोळ्याने "लाल" असं टाइप केलं. डाव्याने बघून बराच वेळ थांबला आणि "मातकट" लिहिलं. ते घेऊन थेट सर्जनच्या केबिनमध्ये गेलो. नेत्रतज्ज्ञ येताहेत.

थोरला_१७ :
काल लिहायला जमलं नाही. डॉक्टरांनी टॉर्च फिरवला, डाव्या बाहुलीत आरएपीडी आहे. रात्रीच सीटी झाला. टेरिगॉइडपासून स्फेनॉइडमध्ये बारीक चीर गेलीये, नसेच्या बोगद्याजवळ पोहोचलीये. तुकडा बसलेला नाही, रक्त साठलेलं नाही. दोन्ही विभागांनी बसून ठरवलं की ऑपरेशन करायचं नाही, स्टिरॉइडही नाही, रोज तपासायचं. दृष्टी किती परत येईल ते सांगता येत नाही म्हणाले. सर्जन स्वतः येऊन बसले भावाजवळ, अर्धा तास. आज फाइल परत दाखवली, "विटकरी" लिहिलं. हे काही चांगलं आहे का?

भूलवाली :
एका दिवसावरून मी हो म्हणणार नाही. व्हीईपी (डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत किती पोहोचतो ते मोजणं) आणि फील्ड (नजरेच्या कोणत्या भागात किती दिसतं ते बघणं) या तपासण्या कधी करणार ते विचारून घ्या. दोन-दोन दिसायला लागलं, किंवा डोळा लाल होऊन कानात ठोके ऐकू यायला लागले, तर रात्री-अपरात्रीही लगेच सांगा. मागच्या रक्तवाहिनीला धक्का असला तर ते नंतर कळतं.

अबोली :
फाइल रोज तीच, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावर धरा. आधी डावा डोळा, मग उजवा, नाहीतर तो उजव्याने पाहिलेलं आठवून लिहील. त्याचे शब्द तसेच तारखेसकट वहीत उतरवा.

थोरला_१७ :
वही आणलीये. आता त्याच्याकडे जातो.