मदत हवी आहे: बोलीभाषेतली फारसी मराठीत आणायला काय वापरावं?

नमस्कार मंडळी,

इराणमधल्या शिराझच्या एका मैत्रिणीशी वर्षभर पत्रव्यवहार चालू आहे. तिला इंग्रजी जेमतेम येतं. मला फारसी लिपी अडखळत वाचता येते, अर्थ लागत नाही. सगळी भिस्त भाषांतराच्या साधनांवर. त्यातल्या दोन साधनांच्या यादीत फारसी नाहीच. एकात अरबी दिसली म्हणून तीच निवडून पाहिली, तर नुसता गोंधळ! लिपी एक म्हणून भाषा एक होत नाही, हे निदान मराठी माणसाला तरी कळायला हवं होतं.

गूगल ट्रान्सलेटमध्ये २००९ पासून फारसी आहे, ते माहीत आहे. बातमी वगैरे असेल तर बरं जमतं. पण ही बाई बोलते तसं लिहिते. 'नान'चं 'नून', 'खाने'चं (म्हणजे घराचं) 'खूने'. 'देलम बरात तंग शोदे' म्हणजे 'तुझी फार आठवण येते', हे मला तिनेच नंतर समजावलं. तोवर मी 'माझं हृदय तुझ्यासाठी घट्ट झालं' हे वाचून तिला तब्येत विचारून बसले होते.

मराठी निवडली की आणखी वेगळी गंमत. फारसीत तो आणि ती दोघांनाही 'ऊ'. बहिणीबद्दल लिहिलेलं पत्र दुसऱ्या वाक्यापासून भावाचं होतं. फारसीतले 'तो' आणि 'शोमा' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, पण तिच्या आईचा उल्लेखही अरेतुरेत येतो. मजकूर आधी इंग्रजीत जाऊन मग मराठीत येत असावा, नाहीतर हा फरक हरवायचं कारण काय?

तारखांचंही तेच. तिचं लग्न इराणी पंचांगाप्रमाणे १२ मेहर १३८९ ला झालं. मेहर हा महिना, पण त्या शब्दाचा अर्थ माया असाही होतो, म्हणून माझ्यासमोर '१२ प्रेम' आलं. ६२१ मिळवून २०१० साल मीच काढलं.

आतापर्यंत केलेले उपाय: काही कळफलकांवरून 'ये' आणि 'काफ' ही अक्षरं अरबी वळणाची येतात, ती बदलून घेतली, थोडा फरक पडला. 'मी-रवम' (म्हणजे 'मी जाते') सारख्या क्रियापदांत मध्ये नीम-फासिला लागतो (आपल्या 'दर्‍या'तल्या अर्ध्या र साठी लागतं तसंच एक अदृश्य चिन्ह). नकल-डकव करताना ते गळतं आणि शब्द ओळखूच येत नाही. दर वेळी हाताने घालत बसणं जमत नाही हो.

तर जाणकारांनो, बोली फारसी आधी प्रमाण फारसीत बदलून देणारं काही आहे का? आणि थेट फारसी-मराठी कोणी करून पाहिलंय का, इंग्रजीच्या वाटेने न जाता? फारसी शिकून घे हा सल्ला मिळणार हे माहीत आहे. शिकते आहे, पण उद्या आलेल्या पत्राला उद्याच उत्तर द्यायचं असतं.

ता. क. ध्वनिसंदेशांचं काय करता येईल, तेही सांगा. हल्ली ती लिहायचा कंटाळा करते.