हिशेब जुलैचा धरा
विजेची लाइन नसलेल्या कोकणातल्या वाडीवरच्या घराला 1 किलोवॉटची सोलर पॅनेल पुरतील का, असा प्रश्न आहे. मार्चमध्ये पुरतील, चांगल्या उन्हात दिवसाला 4 युनिटच्या आसपास मिळतात. जुलैत सलग झड लागली की त्याच्या निम्मेही मिळणं कठीण, म्हणून हिशेब तेव्हाचा धरा. 12 व्होल्ट 150 एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी कागदावर 1.8 युनिटची, पण लेड-ॲसिड, म्हणजे नेहमीची पाणी घालायची बॅटरी, निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती 0.9च. लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग, तरी 80 टक्के बिनधास्त वापरता येते. पंखे बीएलडीसीच (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घ्या, 75 वॉटऐवजी 30 वर भागतं. पंप भर दुपारी लावून टाकी भरून ठेवा. गीझरचं नाव काढू नका, बंब आहेच की! आणि दुकानदार ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडून चालणारा इन्व्हर्टर गळ्यात मारायला लागला तर सरळ नाही म्हणा. लाइनच नसेल तिथे तो चालूच होत नाही.