वाड्यातलं जुनं सामान विकताना अंगणात मठ्ठा-आलुबोंडा ठेवायचा आहे, अंदाज सांगा

जुनावाडा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या गावी वाडा पाडायच्या आधी त्यातलं सामान अंगणातच मांडून विकायचं आहे. सागाच्या चौकटी, तांब्याचे गुंड, पितळी पराती, तिफण, वखर, जुने पलंग. एप्रिलमधला शनिवार-रविवार धरला आहे, रोज शंभरेक माणूस येईल. त्यांच्यासाठी थंड आणि गरम खायचं विकायला ठेवायचं आहे. काय ठेवावं, किती करावं आणि उन्हात काय बिघडतं? घरचे चौघे आहोत, आचारी नाही.

कढईवाला
चौघांत सामानही विकायचं असेल तर खायला दोनच गोष्टी ठेवा. सकाळी तर्री-पोहे, आणि साडेनऊपासून आलुबोंडा. तिसरा पदार्थ घेतला की कढईजवळ माणूस उरत नाही.

जाड पोहे 1 किलो घेतले तर कांदा धरून 18 प्लेटा निघतात. सकाळच्या गर्दीला 2 किलो पुरे. ते एकदम भिजवू नका. अर्धा-अर्धा किलो चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या आणि लगेच फोडणीत घाला. भिजवून ठेवलेल्या पोह्यांचा गोळा होतो. तर्रीसाठी अर्धा किलो काळा हरभरा रात्रीच भिजवा. रस्सा सतत उकळत्या आचेवर असू द्या, कोमट ठेवलात तर दुपारच्या आत आंबतो.

आलुबोंड्याला 1 किलो आलूत 20 ते 22 नग होतात, पारीला 300-350 ग्रॅम बेसन लागतं. आलू सालीसकट उकडा आणि पूर्ण थंड झाल्यावरच कुस्करा. ओलसर राहिले की बोंडा तेलात फुटतो आणि सगळं तेल खराब करतो. सांभार (म्हणजे कोथिंबीर) चिरून नीट कोरडा करूनच घाला, त्याच्या पाण्यानंही तेच होतं. पीठ चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतकं घट्ट हवं. तेल तापलं का, हे पिठाच्या थेंबानं बघायचं: थेंब खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. तळाशीच बसला तर बोंडा तेल पितो. टाकताच लाल झाला तर वरून करपतो आणि पारी आतून कच्ची राहते. एका घाण्यात सात-आठच टाका, जास्त टाकले की तेल थंड पडतं.

सारण मात्र एका वेळी 2 किलो आलूचंच करा. एप्रिलच्या उन्हात झाकून ठेवलेलं गरम सारण तीन-चार तासांत आंबूस होतं. उघड्या परातीत, सावलीत, वर मलमल टाकून ठेवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. काळं पडलेलं, फेसाळणारं, धूर सोडणारं तेलही टाकून द्यायचं, त्यात नवं तेल मिसळून चालवू नका.

मठ्ठा_पन्हं
दुपारी बोंड्यापेक्षा मठ्ठा जास्त खपतो, म्हणून खरी तयारी प्यायच्या गोष्टींची करा.

मठ्ठा: दही 1 लिटर, पाणी 3 लिटर, मीठ 20 ग्रॅम, भाजलेले जिरे, आलं-मिरचीचं वाटण. 150 मिलीचे 26 ग्लास होतात. दही पहाटे ताजं लावलेलं घ्या, आंबट दह्याचा मठ्ठा अकरा वाजेस्तोवर तोंडात धरवत नाही. सांभार ग्लासात वरून टाका, हंड्यात टाकला तर काळा पडतो. बर्फ आत टाकू नका. पातेलं बर्फाच्या मोठ्या टोपल्यात ठेवा, म्हणजे चव पातळ होत नाही. बर्फ घेताना बघून घ्या: खायचा बर्फ बिनरंगी असतो, निळसर दिसला तर तो खायचा नाही.

लिंबू सरबत: 50 ग्लासांना साखर 1 किलो, लिंबं साधारण 25, म्हणजे रस अर्धा लिटर, पाणी 9 लिटर. साखरेचा पाक आदल्या दिवशी करून ठेवा, रस मात्र दर तासाला काढा. साल जोरात दाबली किंवा रस फार वेळ ठेवला तर कडवट होतो. लिंबं महाग पडली तर कैरीचं पन्हं करा: 1 किलो कैरी उकडून गर, 1 किलो गूळ, वेलदोडे, मीठ. दोन चमचे गर आणि पाणी, असा एक ग्लास.

साधं पाणी मात्र फुकट ठेवा. माणशी अर्धा लिटर धरला तर रोज 50 लिटर, म्हणजे 20 लिटरचे तीन जार. रांजण सावलीत ठेवा आणि तोटीनंच पाणी द्या, डुबवायचा गडवा नको. बाटलीबंद कोल्ड्रिंक ठेवलं तर छापील किमतीपेक्षा थंड करण्याचे दोन रुपयेही वर घेता येत नाहीत. न खपलेल्या बाटल्या परत घेणार का, ते दुकानदाराला आधीच विचारा.

जुनावाडा
फार उपयोगी. एक शंका: मठ्ठा विक्रीच्याच तांब्याच्या गुंडातून दिला तर गुंडही लोकांच्या नजरेत येईल का?

मठ्ठा_पन्हं
नका. दही, लिंबू, कैरी यांचं आम्ल कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेला लागलं की पदार्थ कळकतो, माणसाला मळमळ आणि उलट्या होतात. जुन्या भांड्याची कल्हई बाहेरून दिसली तरी आत घासली गेलेली असते. स्टीलचंच भांडं वापरा. गुंडात साधं पाणी भरून शेजारी ठेवलंत तरी तो दिसेलच.

गल्ला_सांभाळा
खायचं कुठं मांडायचं, हे सामान किती विकलं जाईल ते ठरवतं. फाटकाजवळ मांडलं तर लोक खाऊन तिथूनच परततात. सागाच्या चौकटींच्या पलीकडे, अंगणाच्या शेवटी सावलीत मांडा, म्हणजे तिथपर्यंत जाता-येता सामान नजरेखालून जातं. तेलकट हात पलंगाच्या गादीला आणि पितळेला लागतात, म्हणून मध्ये हात धुवायची बादली आणि कागद ठेवा.

भट्टी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगापासून आणि कुटारापासून (गुरांच्या वाळल्या भुशापासून) दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी. जवळ ओली पोती आणि वाळूची बादली ठेवा. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. विक्रीसाठी घरगुती लाल सिलिंडर वापरता येत नाही. व्यावसायिक किंवा 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या आणि तो उभाच, उन्हाबाहेर ठेवा.

तात्पुरत्या स्टॉललाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्या विक्रेत्यांची साधी नोंदणी असते, ऑनलाइन होते. अर्ज दोन आठवडे आधी टाका. वर्तमानपत्रात बोंडा बांधून देऊ नका, शाई अन्नात उतरते आणि त्यावर बंदीही आहे. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले-प्लेटा 2022 पासून बंद आहेत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा.

खायचा गल्ला सामानाच्या गल्ल्यापासून वेगळा ठेवा, नाहीतर कशात काय सुटलं ते संध्याकाळी कळत नाही. भाव 10 आणि 20 च्या पटीत लावा, सुरुवातीलाच 10-20 च्या नोटा आणि नाणी मिळून हजारभर सुटे आणा. क्यूआर कोड दोन्हीकडे लावा, पण पैसे आल्याचा संदेश फोनवर दिसल्याशिवाय माल देऊ नका, गावात नेटवर्क बारा वाजता हमखास जातं. आणि तळण दुपारी एकच्या पुढे बंद करा, सामान बघणारे त्या वेळी घरी जातात. साडेचारला पुन्हा भट्टी पेटवा.