काळजी घेणाऱ्याचीही काळजी हवी
स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी दिवसभराचे केंद्र मिळाले की कुटुंबाचा प्रश्न सुटतो, असे अनेकदा म्हटले जाते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. अमेरिकेत बोस्टनजवळच्या वॉल्थम येथील ज्युइश फॅमिली अँड चिल्ड्रन्स सर्व्हिस या संस्थेच्या 'मेमरी कॅफे'त रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती असे दोघेही येतात, एकत्र गातात, चित्रे काढतात, आणि तेवढा वेळ तरी पती किंवा मुलगी ही निव्वळ परिचारिका राहत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

ज्यू संस्थांचा खरा अनुभव मात्र नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या वृद्धांबाबतचा आहे. या आजारात अलीकडचे पुसले जाते आणि तेव्हाची भीती पुन्हा जिवंत होऊ शकते. अंघोळीचा शॉवर, गणवेशातील कर्मचारी, रांगेत उभे करणे, एवढ्यानेही माणूस थरथर कापू लागतो. कोणी उशीखाली पावाचे तुकडे दडवतो; ते हिसकावून न घेता खाणे सतत हाताशी ठेवावे, हे घरच्यांना कोणीतरी शिकवावे लागते.

इस्रायलमधील वयोवृद्ध बेने इस्राएलांच्या, म्हणजे महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या मराठी भाषक ज्यूंच्या, बाबतीत भाषेचाही विचार व्हावा, कारण या आजारात मोठेपणी शिकलेली हिब्रू अनेकदा आधी विरते आणि उरते ती मराठी. 'तहान', 'दुखतंय', 'भीती वाटते' असे नेहमीचे शब्द घरच्यांनी हिब्रू लिपीत लिहून सेविकेजवळ अवश्य द्यावेत.