प्रथिन किती, याआधी प्रथिन कुठे

सांध्याच्या अस्तराचा तुकडा बारीक वाटून त्यातील प्रथिनांचे प्रमाण मोजले की रुमॅटॉइड संधिवाताची तीव्रता कळते, असे काही जण म्हणतात. प्रमाणाला महत्त्व आहे हे मान्य. परंतु ऊतक एकदा वाटले की प्रथिन कोणत्या थरात होते ही माहिती कायमची जाते, आणि या आजारात नेमकी तीच हवी असते. निरोगी अस्तराचा वरचा थर जेमतेम एक ते तीन पेशींचा असतो; आजारात तो दहा-बारा पेशींपर्यंत जाड होतो. पॅथॉलॉजीत काम करताना सीडी-६८ या प्रथिनासाठी रंगवलेल्या काचपट्ट्या मी पुष्कळ पाहिल्या. निळ्या केंद्रकांच्या गर्दीत सीडी-६८मुळे तपकिरी झालेल्या मॅक्रोफेज (शरीराच्या संरक्षक भक्षक) पेशी वरच्या थरात दाटीने बसलेल्या दिसतात, खालच्या थरात त्या विखुरलेल्या असतात. नवख्याची नजर वरच्या ठळक पट्ट्यावरच खिळते (माझीही खिळत असे), मात्र उपचारानंतर रुग्णाला पडणाऱ्या उताराशी जुळते ती खालच्या थरातील सीडी-६८ची घट.

फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतकाचा आधार-सांगाडा बनवणाऱ्या पेशींचेही तसेच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, थाय-१ हे प्रथिन बाळगणाऱ्या खालच्या थरातील पेशींनी दाह वाढवला, तर ते नसलेल्या वरच्या थरातील पेशींनी हाड आणि कूर्चा झिजवली. दाहावर त्यांचा फारसा परिणाम दिसला नाही. दोन्ही थर एकाच नळीत वाटले असते, तर हा फरक दिसलाच नसता.