टू-व्हील ड्राइव्ह पिकअप घरच्या घरी फोर-व्हील करायची आहे, सल्ला हवा

काळी_माती:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी डबल कॅब पिकअप आहे. डिझेल, पाच गिअरची मॅन्युअल, ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना. इंजिन ठणठणीत, चेसिसला कुठे गंज नाही, आणि गाडीवर जीव आहे म्हणून विकायची नाही. अडचण एकच. शेताकडची शेवटची चढण ओली झाली की रिकामी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. माल भरलेला असला तर तीच गाडी त्याच चढणीवर मुकाट्याने चढते.

याच मॉडेलची, याच इंजिनाची फोर-व्हील गाडी मागून चेपलेल्या अवस्थेत मिळते आहे. तिचा ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि पुढचं डिफरन्शियल (तो जोर डाव्या-उजव्या चाकाला देणारी गिअरपेटी) काढून माझ्या गाडीला बसवावं असं मनात आहे. शेड आहे, वेल्डिंग मशीन आहे, गिअरबॉक्स उतरवायची-चढवायची सवय आहे. हे घरी जमण्यासारखं आहे का? आणि कागदावर दिसत नाही अशी अडचण नेमकी कुठे येते? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर सांगा.

तिरका_पाना:
जमण्यासारखं आहे की नाही हे तुमच्या हातापेक्षा तुमच्या चेसिसवर ठरतं. त्यामुळे ती दुसरी गाडी विकत घ्यायच्या आधी टॉर्च घेऊन स्वतःच्या गाडीखाली आडवे व्हा.

पिकअपचं एकच मॉडेल टू-व्हीलमध्ये दोन उंचींचं येऊ शकतं. एक ठेंगणी, निव्वळ माल वाहायची. दुसरी उंच, दिसायला हुबेहूब फोर-व्हीलसारखी. टोयोटाची प्रीरनर, फोर्ड रेंजरची हाय-रायडर, इसुझू डी-मॅक्सची हाय-लँडर ही त्यातली नावं. उंच गाडी सहसा फोर-व्हीलच्याच चेसिसवर उभी असते. ठेंगणीचं पुढचं सगळंच वेगळं असू शकतं: सस्पेन्शनचे आर्म वेगळे, चाकांमधलं अंतर वेगळं, आणि नकलच्या (पुढचं चाक धरणाऱ्या, स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाच्या) मधोमध शाफ्ट जायला भोकच नाही.

खाली गेल्यावर तीन जागा बघा. पुढच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल टांगायचे ब्रॅकेट किंवा निदान त्यांची भोकं आहेत का. गिअरबॉक्सच्या मागे चेसिसच्या आतल्या बाजूला क्रॉसमेंबरसाठी (गिअरबॉक्स पेलणाऱ्या आडव्या पट्टीसाठी) वापरात नसलेली जादा भोकं आहेत का. आणि इंजिनाचा ऑइल सम्प (खालचं तेलाचं भांडं) पुढून खोलगट आहे की डिफरन्शियलला जागा सोडून वर उचललेला आहे. पहिल्या दोन्ही जागा जुळल्या तर हे काम म्हणजे नुसती खोल-जोड. नाही जुळल्या तर चेसिस कापणं आणि ब्रॅकेट जोडणं आलं. ते घरच्या वेल्डिंगवर करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. ब्रॅकेट चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी शाफ्टचे कोन बिघडतात. आणि सस्पेन्शनचा जोड रस्त्यात सुटला तर पुढचं चाक आपल्या हातात राहत नाही.

रानवाट:
काळी_माती दादा, आधी एक दुसरी बाजू मांडते. तुमची गाडी रिकामी असताना अडते, भरलेली असताना अडत नाही. याचा अर्थ मागच्या चाकांवर वजन कमी पडतंय. रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन इंजिनामुळे पुढे असतं आणि ढकलायचं काम हलक्या मागच्या चाकांकडे. त्यात साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे जे चाक सुटलं त्याला लागेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. एक चाक चिखलात भिरभिरतं आणि कोरड्या जागेवरचं दुसरं स्वस्थ उभं राहतं ते यामुळेच.

म्हणून आधी मागच्या डिफरन्शियलमध्ये लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) बसवा, टायर चिखलाच्या नक्षीचे घ्या आणि त्या तुकड्यापुरती हवा थोडी कमी करा. पक्क्या रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा भरायची. एवढ्यावर चढण सर होत असेल तर बाकीच्या गाडीला हातही लावायला नको. लॉकरनेही भागत नसेल आणि जीव याच गाडीत अडकला नसेल, तर ही विकून कारखान्यातून आलेली फोर-व्हील घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

काळी_माती:
रानवाट ताई, लॉकरचा विचार केला होता. पण ती चढण एका अंगाला कललेली आहे. मागची दोन्ही चाकं एकदम सुटली की गाडीची शेपटी उताराकडे सरकते, आणि त्या बाजूला ओढा आहे. पुढून ओढ मिळाली तर धीर येईल.

पाना भाऊ, गाडीखाली जाऊन आलो. माझी उंचवाली निघाली. पुढच्या डिफरन्शियलचे दोन्ही ब्रॅकेट जागेवर आहेत, नुसते रिकामे. मागे क्रॉसमेंबरची भोकं रंगाखाली बुजली होती, खरवडल्यावर दिसली. सम्प मात्र खोलगट आहे. नकलच्या मधे भोक आहे, त्यावर पत्र्याची टोपी.

तिरका_पाना:
मग हे काम कराच. कललेल्या चढणीबद्दल तुमचं निरीक्षणही बरोबर आहे. लॉकरने मागची दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि आडव्या उतारावर शेपटी आणखी सरकते.

असं रूपांतर हे काही आजचं खूळ नाही. अमेरिकेत मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० च्या दशकापासून फोर्डचे ट्रक फोर-व्हील करून देत होती. पुढे नॅप्को कंपनीचं किट शेवरले आणि जीएमसीच्या पिकअपना बसायचं, आणि १९५७ पासून शेवरले ते थेट कारखान्यातूनच द्यायला लागली. तेव्हा ते सोपं होतं, कारण पुढे पाट्यांवर बसवलेला सरळ अ‍ॅक्सल असायचा. तो काढायचा आणि ड्राइव्हवाला घालायचा. आताच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये तेवढं सोपं नाही, पण चेसिस जुळलं की निम्मी लढाई जिंकलीच.

आता ती दुसरी गाडी. सुटे भाग घेऊ नका, अख्खी गाडी घ्या आणि काम संपेपर्यंत तिचा एक बोल्टही भंगारात देऊ नका. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडलेल्या अवस्थेतच उतरवा. टू-व्हीलच्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट लांब असतो आणि फोर-व्हीलचा आखूड. त्यामुळे आपल्याच गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस लावू म्हटलं तर गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो. त्यापेक्षा अख्खा बदला. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारे लांब दांडे), क्रॉसमेंबर रबरासकट, पुढचं डिफरन्शियल, सीव्ही शाफ्ट (डिफरन्शियलपासून पुढच्या चाकांपर्यंतचे दांडे), नकल-हब, शॉक आणि स्प्रिंग, फरशीच्या पत्र्याचा लिव्हरच्या भोकाजवळचा तुकडा, स्पीडोमीटरचा सेन्सर, डिफरन्शियलचे ब्रीदर पाइप हे सगळं आणा. सम्प आणताना त्याच्याबरोबरची तेल ओढायची नळी आणि डिपस्टिकही आणा. सम्पचा आकार बदलला की नळीचं तोंडही बदलतं. जुनी नळी नव्या सम्पात तेलापर्यंत पोचली नाही तर इंजिनाची बेअरिंगं जातात.

ट्रान्सफर केस लिव्हरवाला आहे की बटणाचा? बटणाचा असेल तर मोटर, कंट्रोल युनिट आणि त्याचं वायरिंग मुळापासून काढून आणावं लागेल, मधे कापून जोडलेलं नको. लिव्हरवाला असेल तर तुमचं नशीब.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो एकच हवा. टू-व्हीलला बऱ्याचदा मागे वेगळा रेशो देतात, म्हणून "मॉडेल एकच आहे" यावर विसंबू नका, मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना ओट (अडसर), मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं उचललेलं, ती बाजू जॅक स्टँडवर. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक वीस वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक अडवलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांचा एक धरायचा. शाफ्ट ४१ वेळा फिरला तर रेशो ४.१०, सदतीसच्या जरा पुढे गेला तर ३.७३. मागे लिमिटेड स्लिप (एका चाकाला मोकळं फिरू न देणारं) डिफरन्शियल असेल तर एक चाक असं सुटं फिरणार नाही, मग दोन्ही चाकं उचलून एकत्र दहाच वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा.

४.१० आणि ४.११ एकत्र चालून जातात. ४१ ला १० दाते आणि ३७ ला ९ दाते, फरक नगण्य. पण ४.१० समोर ३.७३ लावलात तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी जवळजवळ दहा टक्क्यांनी भांडत राहतील आणि ट्रान्सफर केसची साखळी तुटेल. रेशो वेगळा निघाला तर त्या गाडीचं मागचं डिफरन्शियलही उचला.

शाफ्टची_बारी:
माझं रोजचं काम प्रोपेलर शाफ्टचं, म्हणून तेवढंच सांगतो. ट्रान्सफर केस आल्यावर मागचा शाफ्ट आखूड लागतो. तुमच्या दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस एकच असेल तर त्या गाडीचा जसाच्या तसा बसेल. बसत नसेल आणि पाइप कापायची वेळ आली तर लेथवाल्याकडेच जा आणि बॅलन्सिंग करूनच बसवा. घरी जोडलेला पाइप डोळ्याला सरळ दिसतो, पण वेग वाढला की थरथर ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलपर्यंत जाते आणि तिथून तेल गळायला लागतं.

बसवताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दोन फाटे असलेले तुकडे) एका रेषेत हवेत. खोलण्याआधी स्प्लाइनवर (दातेरी सरकत्या जोडावर) आणि पाइपवर पंचाने खूण करून ठेवा, एक दात चुकला तरी हादरे येतात. क्रॉसचा (योक जोडणाऱ्या चौफुली सांध्याचा) कोन तीन अंशांच्या आत ठेवा आणि दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे. अगदी शून्य कोनही नको, क्रॉसमधल्या सुया जागेवरच घासून खड्डे पडतात.

काळी_माती:
रेशो मोजला. माझ्याकडे ३.७३ आणि त्या गाडीला ४.१०. म्हणजे मागचं डिफरन्शियलही आणावं लागणार. लिव्हरवाला ट्रान्सफर केस आहे, हे चांगलं झालं. आणखी एक विचारतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर पुढचं काम एकदम करू की गाडी मधे वापरात ठेवून टप्प्याटप्प्याने?

तिरका_पाना:
टप्पे करता येतील, पण क्रम पाळा. पहिल्या टप्प्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, मागचा शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल. तेवढ्यावर गाडी टू-व्हील म्हणून चालते, गळती-आवाज सगळं कळतं. ४.१० मुळे चढणीला जोरही वाढेल. हमरस्त्यावर इंजिन जास्त फिरेल आणि स्पीडोमीटर चुकेल, तो दुसऱ्या गाडीच्या सेन्सर-गिअरने जुळवून घ्या.

दुसऱ्या टप्प्यात पुढचं सगळं एका दमात. कारण हब युनिट बेअरिंगचं (बेअरिंग आत बंद असलेलं) असेल तर सीव्ही शाफ्टचं नट हेच बेअरिंगला आवळून धरतं. शाफ्ट घातल्याशिवाय ते हब लावून गाडी ढकलूसुद्धा नका. ते नट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. गिअरबॉक्स-ट्रान्सफर केसचं जोडवजन दोन माणसांनी हातावर तोलायचं नाही, गिअरबॉक्स जॅक भाड्याने आणा. आणि जॅक स्टँडशिवाय गाडीखाली कुणीच जायचं नाही, पोराला पाना द्यायलाही नाही.

रानवाट:
दादा, ठरलंच आहे तर कागदांचं आधी बघा. ड्राइव्ह बदलणं हा नोंदणीतला बदल धरला जाऊ शकतो, तपासणी आणि मंजुरीचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. काम सुरू करायच्या आधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीला लेखी विचारा. पुढचं वजन वाढेल, तेव्हा ब्रेकच्या नळ्या पूर्ण स्टीअरिंग फिरवून ताणत नाहीत ना ते बघा, ब्रेकमधली हवा काढा, आणि चाकांचं अलाइनमेंट करूनच रस्त्यावर न्या.

आणि घरात जो कोणी ती गाडी चालवतो त्याला एक गोष्ट नीट समजावून द्या. या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, तो फरक चिखलात घसरून निघून जातो, डांबरावर निघत नाही. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळलं की स्टीअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि लिव्हर निघता निघत नाही. तसं झालं तर लिव्हरवर जोर करायचा नाही. सरळ रेषेत थोडं मागे घ्यायचं, ताण उतरला की लिव्हर आपोआप सुटतो.